उंबरजेकाकांचा सुटा हात

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, भावाला नाही, आणि जिला सांगायलाच हवं होतं त्या आईलाही नाही. मग तुम्हालाच का? — तुमची-माझी ओळख नाही म्हणून असेल. उद्या मंगळवार बाजारात समोरासमोर आलो तरी तुम्ही मला ओळखणार नाही. तेवढं मला पुरे.

मी ड्रम शिकवते. सोलापुरात, शुक्रवार पेठेत, भांड्यांच्या दुकानावरच्या खोलीत. सुरुवातीला लोक नुसतं बघायला यायचे — बाई ड्रम वाजवते म्हणजे काय करते! आता कुणी थांबत नाही. आता म्हणतात, हात घडवायचा असेल तर विजयामॅडमकडे जा. हे खरं आहे. वीस वर्षांत मी पुष्कळांचे हात घडवले. आणि एक बिघडवला. चुकून नाही. ठरवून, रोज थोडा थोडा, दीड वर्ष.

कसा, ते कळायला हात घडतो कसा हे आधी सांगावं लागेल.

मी अठरा वर्षांची असताना अण्णांकडे शिकायला लागले. अण्णा आधी लग्नाच्या बँडमध्ये होते, नंतर ऑर्केस्ट्रात. पहिले तीन महिने त्यांनी मला ड्रमला हात लावू दिला नाही. स्टुलावर एक लाकडी फळी, हातात दोन स्टिक — अण्णा त्यांना काड्याच म्हणायचे — आणि एक-दोन, एक-दोन. उजवा, डावा. बास. ‘काडीला कळता कामा नये की तिला कुणी धरलंय,’ असं ते म्हणायचे. अंगठा आणि पहिलं बोट काडी धरणार, बाकीची तीन नुसती सोबतीला. मार मनगटातून द्यायचा, कोपरातून नाही. आणि काडी उचलायची नाही. ती फक्त पाडायची. फळीवर आपटली की ती आपणहून वर येते. पण मूठ आवळलेली असली तर तिला वर यायला जागाच राहत नाही. मग तो सगळा दणका जातो कुठं? मनगटात. शिरांत. रोज इतकासा. पोरवयातला हात हे काही वर्षं सोसतो. साठीतला सोसत नाही.

कधीकधी अण्णा फळीवर सोलापुरी चादर चौघडी करून टाकायचे. दहा मिनिटं, जास्त नाही. चादर काडी परत देत नाही ना — त्यामुळं हाताला ताकद येते. पण फार वेळ मारलं की माणूस काडी ओढायला लागतो, आणि एकदा ओढायची सवय लागली की हात गेला. अण्णा घड्याळ बघून चादर काढून घ्यायचे.

ती चादर माझ्या वडिलांनी आणलेली होती. वडिलांना आम्ही नान्ना म्हणायचो. आम्ही तेलुगू, विणकरांच्या घरातले. नान्ना अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर होते. म्हणजे माग अडला, धागा सारखा तुटायला लागला, की ज्याला हाक मारतात तो माणूस. दारातून आत येतानाच नुसत्या आवाजावरून ते सांगायचे — सातव्याचं काहीतरी बिघडलंय. आमच्या गल्लीत पोरीनं ड्रम शिकायला जाणं म्हणजे काय होतं, ते तुम्हाला सांगून कळणार नाही. पण नान्ना म्हणाले, जाऊ दे तिला, तिला ठोका कळतो.

आता ते सांगते. सांगितलंच पाहिजे, नाहीतर पुढचं तुम्हाला वेडेपणा वाटेल. तसा तो होताच — पण निदान कशावरून होता ते तरी कळू दे.

मी वीस वर्षांची होते. नान्ना सकाळी डबा विसरले म्हणून मी तो सायकलवर घेऊन गेले. पाळी बदलायची वेळ. गेटसमोर गर्दी. मला वाटलं कुणाला लागलंय. मग दिसलं — एका स्टुलावर नान्ना उभे. गळ्यात टॉवेल. एक नाही, सात-आठ, एकमेकांना गाठी मारून हारासारखे घातलेले. बाजूला मॅनेजर, उंबरजे साहेब, पांढऱ्या शर्टात. आत जाणारी पाळी आणि बाहेर येणारी पाळी, दोन्ही समोरून चाललेल्या. साहेब म्हणत होते, “बघून घ्या, बघून घ्या. अजून कुणाला टॉवेल पाहिजेत?”

कुणीतरी हसलं. नान्नांच्या सायकलच्या पिशवीत ते टॉवेल सापडले होते म्हणे.

नान्नांनी मान वर केली आणि त्यांना मी दिसले. मी काय केलं? — सायकल वळवली. डबा तसाच घेऊन घरी आले.

पोलिसांत काही दिलं नाही. नुसतं घरी बसवलं. पण त्या एमआयडीसीत मग त्यांना कुठंच कुणी उभं केलं नाही. आई विड्या वळायची. नान्ना तिच्याशेजारी बसून पानं कातरायला लागले. नुसत्या आवाजावरून माग ओळखणारा माणूस — सकाळपासून संध्याकाळपर्यंत कात्रीनं पानं कापत बसायचा. सहा वर्षं बसले. मग गेले. मध्ये एकदा आईनं विचारलं होतं, माझ्यासमोरच — खरं सांगा, घेतले होते का? ते बोलले नाहीत. दोन दिवस जेवले नाहीत. आईनं परत विचारलं नाही. पण तिच्या मनातून ते गेलंही नाही, हे मला दिसायचं.

माझं लग्न झालं, आडनाव बदललं, क्लास सुरू झाला. उंबरजे हे नाव मी कधी तोंडावर आणलं नाही. विसरले होते का? छे. तुम्ही विसरला असता?

तीन वर्षांपूर्वी एका सकाळी ते जिना चढून वर आले.

पांढराच शर्ट. मिशी आता पिकलेली. दारात उभं राहून त्यांनी आधी चपला काढल्या, मग घसा खाकरला, आणि मला त्या आवाजावरूनच कळलं. नाव सांगायच्या आधीच.

“मॅडम, लहानपणापासून लई हौस हाय. आता रिटायर झालो. बायको म्हणती, घरात बसून टेबल बडवण्यापरीस जाऊन शिका की. वय बासष्ट हाय. येईल का मला?”

त्यांनी मला ओळखलं नाही. ओळखणार कसे? माझ्या दारावर नवऱ्याचं आडनाव. आणि त्या दिवशी गर्दीमागं सायकल घेऊन उभ्या असलेल्या पोरीकडं कोण बघतं?

मला नाही म्हणता आलं असतं. मी नरसय्या जॉबरची पोरगी, असंही म्हणता आलं असतं. मी दोन्ही केलं नाही. येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात देते तशा त्यांच्या हातात काड्या दिल्या. म्हटलं, बघू, एक-दोन वाजवा.

आणि हात सुटा होता.

हे मी कसं सांगू तुम्हाला! वीस वर्षांत असे हात मी तीन-चारच बघितलेत. लोकांना सुटा हात यायला वर्ष-दीड वर्ष लागतं. काहींना कधीच येत नाही. ह्या माणसाला कुणी काही सांगितलं नव्हतं, आणि काडी त्यांच्या बोटांत अशी होती, की अण्णा बघून हसले असते. त्यांनी पहिला ठोका मारला, काडी आपणहून वर आली. ते चकित होऊन म्हणाले, “आं! ही तर आपणच उडी मारती की!”

देवानं हे ह्याला का द्यावं? मनात पहिलं हेच आलं.

“चुकलं,” मी म्हणाले. “मूठ आवळा, काका. अजून आवळा. काडी हलता कामा नये. आणि कोपरातून मारा, जोर लावून.”

तो पहिला धडा. पुढं सगळं सोपं होतं.

बाकीचे विद्यार्थी संध्याकाळी यायचे. काकांना मी सकाळी अकराची वेळ दिली, एकट्याला — दुसऱ्या कुणाचा हात त्यांच्या नजरेला पडू नये म्हणून. मोबाईलवर बघून शिकायचं नाही, असं बजावलं. तिथं दहा माणसं दहा गोष्टी सांगतात, शिकवणारा एकच असावा. त्यांना ते पटलं. पटणारच. काड्या दिल्या त्या सगळ्यात जाड, वजनदार. आणि घरी सरावाला चादर. फळी नाहीच, नुसती चादर, चौघडी. सकाळी एक तास, दुपारी एक तास. ज्या गोष्टीला अण्णा घड्याळ लावायचे ती मी ह्यांना पोटभर दिली.

महिन्याभरात मनगट दुखायला लागलं. “दुखणारच,” मी म्हणाले. “दुखतंय म्हणजे हात घडतोय.” हे वाक्य मी इतक्या मायेनं म्हणायचे, की माझं मलाच नवल वाटायचं.

मी त्यांना कधी एक शब्द वाकडा बोलले नाही. उलट कौतुक करायचे. तेच तर सगळ्यात कामाला आलं. चुकीचा हात बसत चालला की म्हणायचे, वा काका, आता आलं! ते एका वहीत रोजच्या सरावाची खूण करायचे, आणि ती वही मला दाखवायला आणायचे. एक दिवस चुकलेला नसायचा. त्यांच्या बायकोनं माझ्यासाठी शेंगाचटणी आणि कडक भाकरी पाठवायला सुरुवात केली. मी ती खाल्ली. चवीनं खाल्ली.

मजा येत होती का, असं विचाराल. येत होती. जिन्यावर पावलं वाजली की भूक लागल्यासारखं व्हायचं. त्यांनी मनगटाला रुमाल गुंडाळायला सुरुवात केली तो दिवस मला लख्ख आठवतो. पाण्याच्या बाटलीचं झाकण त्यांना फिरवता येईना, तेव्हा मीच पुढं होऊन फिरवून दिलं, आणि म्हटलं, होईल सवय. ते ओशाळून हसले. मला नान्नांचे कात्री धरलेले हात दिसत होते, आणि समोर हा हात वाकडा होत होता, आणि मला शांत वाटत होतं. इतकं शांत मला देवळातही कधी वाटलं नाही.

पण खरी गोष्ट ही नाहीच. इथवरचं सांगून थांबले असते तर तुम्ही म्हणाला असतात, बापाचं दुःख होतं, पोरीनं फेडलं. तसं म्हणू नका. पुढचं ऐका.

आठेक महिने झाले असतील. वीज गेली होती. पंखा बंद, खोली तापलेली. आम्ही दोघं खिडकीजवळ बसलो होतो. काका रुमालानं मान पुसत होते. मध्येच म्हणाले, “मॅडम, तुमी माझ्यावर इतकं कष्ट घेता. मला कसनुसं होतंय बघा. मी काय चांगला माणूस न्हाय.”

मी वर्तमानपत्रानं वारा घेत राहिले.

“कारखान्यात होतो तवाची गोष्ट. नरसय्या म्हणून जॉबर होता. लई गुणी माणूस. त्याच्या पिशवीत टॉवेल घावलं. मी त्याला गेटवर उभं केलं, गळ्यात टॉवेल बांधून. सगळ्यांदेखत.” त्यांनी रुमालाची घडी घातली. “त्यानं घेतलं नव्हतं, मॅडम. मालकाच्या मेव्हण्याचं काम होतं. त्याच्या अंगावर शेकणार म्हणून त्यानं ह्याच्या पिशवीत घातलं. आठ दिवसांत कळलं मला.”

“मग?” आवाज माझाच होता.

“मग काय. गप बसलो. मालकाच्या घरातलं प्रकरण. माझी नोकरी होती की. दोन पोरी होत्या.” त्यांनी खाली रस्त्याकडं बघितलं. “रिटायर झाल्यावर त्याचं घर हुडकत गेलो. तितं आता कुणी राहत न्हाय. तो गेला म्हणाले. बायको असंल. ती भेटली तर पाय धरीन म्हणतो. पण कुटं शोधायची?”

कुठं शोधायची? विडी घरकुल वसाहतीत. माझ्या भावाच्या घरी, रिक्षानं वीस मिनिटांवर. त्या वेळी ती बहुतेक तांदूळ निवडत बसली असेल.

वीज आली. पंखा फिरायला लागला.

आता सांगा, मला काय वाटायला हवं होतं? इतके महिने मी समजत होते, की हा माणूस सगळं विसरून सुखात आहे, म्हणून मला ह्याचा राग येतो. तो विसरलेला नव्हता. त्याला लाज होती. तो शोधत होता. म्हणजे राग उतरायला हवा होता ना? — उतरला नाही. चढला. आठ दिवसांत कळलं! आठ दिवसांत! आणि नान्ना सहा वर्षं पानं कातरत बसले. ह्यानं एकदा येऊन दारात उभं राहून म्हटलं असतं तर? एकदा?

“घ्या काड्या,” मी म्हणाले.

सरावाला लय धरायचा मोबाईलमधला ठोका रोज मिनिटाला नव्वदवर असायचा. मी तो एकशे तीसवर नेला. ते मारायला लागले. घामानं शर्ट पाठीला चिकटला. मूठ आवळलेली, कोपर ताठ, दात खाऊन मारत होते. एकदा त्यांनी माझ्याकडं बघितलं, थांबू का, अशा नजरेनं. मी म्हटलं, अजून. परत बघितलं. मी म्हटलं, अजून. कितीतरी वेळ.

हे मी कळून केलं. त्यांनी कबूल केल्यावर केलं. त्याआधीचं तुम्हाला हवं तिथं ठेवा. हे माझं आहे.

आणि आई.

त्या संध्याकाळी मी तिच्याकडं गेले होते. एकच वाक्य पुरे होतं — नान्नांनी घेतले नव्हते. तिनं विचारलं असतं, कुणी सांगितलं? मग सगळं आलं असतं. आणि मी आईला ओळखून होते. ती रडली असती, आणि मग म्हणाली असती, आण त्यांना घरी. चहा ठेवला असता तिनं. त्यांनी पाय धरले असते, तिनं उठवलं असतं, आणि तो माणूस मोकळा होऊन आपल्या घरी गेला असता. ते मला नको होतं. त्याला मोकळं करायचं नव्हतं मला. म्हणून मी आईला तिच्या शंकेसकट तसंच ठेवलं. तिच्या हातची आमटी खाल्ली आणि परत आले.

त्यानंतर आई सात महिने होती. शेवटी दवाखान्यात एका दुपारी तिनं आपल्या तेलुगूत मला विचारलं — तुला काय वाटतं ग, त्यांनी घेतले असतील?

मी म्हणाले, “तू झोप बघू.”

ती झोपली. दोन दिवसांनी गेली.

मी तेव्हा तरी थांबायला हवं होतं. थांबले नाही. आईचे दिवस झाल्यावर मी परत अकराच्या वेळेला क्लास उघडून बसले. काका भेटायला आले, हात जोडून उभे राहिले, आणि दुसऱ्या दिवसापासून सराव सुरू.

वर्षातून एकदा आम्ही एक कार्यक्रम करतो. शाळेचा छोटा हॉल, दुपारची वेळ, मुलांचे आईबाप. मी काकांना तीन मिनिटांचा तुकडा दिला. एकट्याचा. ते घाबरले. मी म्हटलं, तुमच्यासारखा कुणी नाही, काका. आणि म्हटलं — हे मी तीन-चार दिवस मनात घोळवून मग म्हटलं — “कारखान्यातल्या लोकांनाही बोलवा की.”

त्यांनी बोलावलं. पहिल्या रांगेत बायको, दोन्ही पोरी, जावई, आणि कारखान्यातली पाच-सहा जुनी माणसं. त्यातल्या एकाला मी ओळखलं. गेटवर तो हसला होता की नव्हता, ते सांगता येत नाही. पण तो त्या दिवशी तिथं होता.

काका स्टेजवर आले. नवीन शर्ट. बसले. मी बाजूच्या पडद्याजवळ उभी. सुरुवात बरी झाली. दुसऱ्या आवर्तनाला उजवा हात धरला. पेटका. बोटं काडीवर अशी आवळली गेली की त्यांना ती उघडता येईनात. डाव्या हातातली काडी सुटली आणि जाऊन पहिल्या रांगेत पडली. हॉलमध्ये कुणीतरी हसलं. ते उजवा हात डाव्या हातानं धरून, एकेक बोट उलगडत बसले — सगळ्यांसमोर. किती वेळ गेला, माहीत नाही. मला तो पुरला नाही, एवढं खरं.

मग ते उठले, माइकजवळ गेले आणि म्हणाले, “माफ करा. चूक माझी हाय. मॅडमनी लई जीव लावून शिकवलं.”

सगळ्यांत आधी टाळ्या मी वाजवल्या.

डॉक्टरांनी सांगितलं, शिरा सुजून जाड झाल्यात. उजव्या हाताचं ऑपरेशन झालं. त्यानंतरही शेवटची दोन बोटं नीट मिटत नाहीत. शर्टाची बटणं बायको लावते. सही डाव्या हातानं शिकावी लागली. डॉक्टरांनी विचारलं म्हणे, कुणी शिकवलं असं? काका म्हणाले, शिकवलं बरोबर होतं, माझा हातच जड. हे मला त्यांच्या थोरल्या मुलीनं सांगितलं. सांगताना ती माझी समजूत काढत होती — मॅडम, तुम्ही मनाला लावून घेऊ नका.

आता शेवटचं. इथवर आले ते हे सांगायलाच. इतका वेळ आडून आडून चालले होते.

ऑपरेशननंतर महिन्याभरानं ते क्लासवर आले. हात गळ्यात बांधलेला. काड्या परत द्यायला आले होते. दुसऱ्या कुणाला होतील म्हणाले. पाणी दिलं. प्याले. उठले, दारापर्यंत गेले, आणि परत वळले.

“मॅडम, एक इचारू? खरं सांगा, वाईट वाटून घेणार न्हाय मी. माझ्या हातात काय होतं का? थोडं तरी?”

त्यांना दुसरं काही नको होतं. गेलेला हात परत मागत नव्हते, दोष देत नव्हते. जन्मभर मनात धरून ठेवलेली हौस — तिच्यात काही दम होता का, एवढंच. आणि ह्याचं उत्तर जगात फक्त मला माहीत होतं. तो पहिला ठोका ऐकलेली मी एकटीच. खरं बोलायला मला त्या दिवशी काही मोजावंही लागलं नसतं. होतं, काका, पुष्कळ होतं — एवढं म्हणून गप्प बसता आलं असतं. कसं गेलं, ते न सांगताही.

मी त्यांच्या डोळ्यांत बघितलं आणि म्हणाले, “नाही, काका. नव्हतं.”

त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, “बरं झालं सांगितलंत. आता तिकडं मन जाणार न्हाय.”

डाव्या हातानं कठडा धरत ते जिना उतरले. मी वरून ऐकत होते. सगळ्या पायऱ्या.

त्या वेळी मला वाईट वाटलं, असं सांगितलं तर ते खोटं होईल. त्या वेळी मी जिंकले होते. वाईट नंतर वाटायला लागलं, आणि तेही सरळ नाही. अजूनही त्यांच्या घरचं काही वाईट कानावर आलं की आधी एक क्षण बरं वाटतं. मग दुसरं. पण आधी बरंच वाटतं. नान्नांसाठी केलं, असं मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगितलं. नान्नांना हे कळलं असतं तर त्यांनी माझ्या हातचं पाणी घेतलं नसतं. मला ते करतानाही माहीत होतं.

काका माझ्या क्लासपासून तीन गल्ल्या सोडून राहतात. मिरवणूक आली, ढोल वाजायला लागले, की उठून आतल्या खोलीत जातात आणि दार लावून घेतात, असं त्यांची मुलगी म्हणाली. परवा मी त्यांच्या दारावरून चालले होते. बायकोनं हाक मारली — मॅडम, या की, चहा घेऊन जा. मी गेले. काका कॉटवर बसले होते. मला बघून उठायला लागले; मी म्हटलं, बसा. नातीच्या शाळेबद्दल बोलले, गुडघ्यांबद्दल बोलले. त्या जॉबरच्या बायकोचा अजून काही पत्ता लागला नाही, असंही म्हणाले.

मी चहा संपवला, कप खाली ठेवला, आणि संध्याकाळची बॅच होती म्हणून निघाले.